झाकणाखालची शिरहीन

पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या एका घराच्या कोपऱ्यात, जमिनीखाली, सुमारे ३३०० वर्षांपूर्वी कुणीतरी मातीची एक छोटी लंबगोल पेटी पुरून ठेवली. पेटीला मातीचंच झाकण. आत एक स्त्री, भरल्या छातीची, ओबडधोबड हातांनी वळलेली, आणि तिला डोकं नाही. तुटून पडलेलं नाही. घडवतानाच केलेलं नाही. झाकणावर आणखी एक स्त्री, हिला मात्र डोकं आहे. आणि सोबत एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. भट्टी सोडाच, चुलीची धगसुद्धा दिलेली नाही.

नवलाची गोष्ट पुढेच आहे. शिरहीन मूर्तीच्या पोटाशी एक भोक आहे आणि बैलाच्या पाठीवर तसंच दुसरं. दोन्हींत एक बारीक काडी घातली की मूर्ती बैलावर आरूढ होते. म्हणजे हे नुसतं बघण्यासाठी केलेलं शिल्प नव्हतं. ती मूर्ती कुणीतरी बैलावर बसवायचं, उतरवायचं, पेटीत ठेवायचं, झाकण लावायचं. ज्यांनी हे केलं त्यांनी लिहून काहीच ठेवलेलं नाही, कारण त्यांच्यापाशी लिपी नव्हती. पण हातांनी काय केलं ते मातीत राहिलं.

इनामगावचं उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं केलं, १९६८ ते १९८३ या काळात, बारा हंगाम. हसमुख सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर ही त्यातली मोठी नावं. शंभराहून जास्त घरं त्यांनी उघडी केली. धान्याची कोठारं, भट्ट्या, एका मोठ्या घरात पाच खोल्या. लहान मुलं दगावली की त्यांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून, आडवे ठेवून, त्यात घालून घरातल्या जमिनीखालीच पुरत असत. भारतातल्या ताम्रपाषाणयुगातल्या एखाद्या खेड्याची इतकी बारकाईची ओळख क्वचितच कुठे झाली असेल.

हे सारं मी इंदुरात, विजय नगरात बसून लिहिते आहे, आणि इनामगावशी इथल्या मातीचा फार जवळचा संबंध आहे. इंदूरच्या मराठी माणसाच्या मनात एक प्रवास पक्का बसलेला असतो: आपण दक्षिणेकडून इकडे आलो, मल्हारराव होळकरांच्या मागोमाग, अठराव्या शतकात. ते खरंच आहे. पण त्याआधी तीन हजारांहून अधिक वर्षं एक प्रवास उलट्या दिशेनं झाला होता. इनामगावचा सगळ्यात खालचा थर, म्हणजे पहिले रहिवासी, अभ्यासक ज्याला माळवा संस्कृती म्हणतात तिचा आहे. काळ इसवी सनापूर्वी १६०० ते १४००. पिवळट-नारिंगी अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली त्यांची भांडी माळव्यात आणि नर्मदाकाठी सापडणाऱ्या भांड्यांच्या घराण्यातली आहेत. भांडी गेली म्हणजे माणसं गेलीच असं दर वेळी म्हणता येत नाही, हे मान्य. पण इनामगावात त्याआधी शेतकऱ्यांची वस्ती नव्हती. भांडी, घरं, पिकं असा अख्खा संसार एकदमच उभा राहिलेला दिसतो, म्हणून तिथे माळव्याकडून आलेली कुटुंबं वसली असं पुरातत्त्वज्ञ मानतात. पेटी त्यानंतरच्या, जोर्वे काळाच्या पूर्वार्धातली आहे. ज्या गावावरून त्या काळाला नाव मिळालं ते जोर्वे संगमनेर तालुक्यात, आता अहिल्यानगर म्हणवणाऱ्या जिल्ह्यात.

आमच्या बाजूचे पुरावेही दूर नाहीत. इंदूर शहरातच आझादनगरला ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. विजय नगरच्या चौकात सिग्नलला थांबलेल्या किती लोकांना याची कल्पना असेल? उज्जैनच्या पूर्वेला कायथा आहे. ते विष्णु श्रीधर वाकणकरांनी १९६४ मध्ये शोधलं. हेच वाकणकर, नीमचमध्ये जन्मलेले, उज्जैनचे, भीमबेटकाची चित्रं १९५७ मध्ये जगासमोर आणणारे. कायथ्यात मातीचे बैल भरपूर निघाले, इतके साधे की शिंगं आणि वशिंड सोडलं तर उरतं ते नुसतं चिमटीत दाबलेल्या मातीचं अंग. आणि महेश्वरच्या समोर, नर्मदेच्या पलीकडच्या तीरावर, नावडातोडी. सांकलियांनी तिथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये उत्खनन केलं. तिथल्या एका मोठ्या रांजणाच्या अंगावर मातीच्या पट्ट्या चिकटवून चित्र केलेलं आहे: मधे देव्हाऱ्यासारखं काहीतरी, एका अंगाला एक स्त्री, दुसऱ्या अंगाला सरड्या-मगरीसारखा प्राणी. ती पूजा करणारी आहे की पूजा घेणारी? अहिल्याबाईंचा घाट पाहायला आपण महेश्वरला जातो तेव्हा हा प्रश्न नदीच्या अगदी समोरच्या काठावर असतो.

आता जगाकडे वळू, कारण स्त्रीमूर्तींची गोष्ट इनामगावच्या कितीतरी आधी सुरू होते. जर्मनीत होहले फेल्स नावाच्या गुहेत २००८ मध्ये मॅमथच्या हस्तिदंताची सहा सेंटिमीटरची एक स्त्री सापडली. वय किमान ३५,००० वर्षं. मानवी देहाची याहून जुनी निर्विवाद प्रतिमा अजून हाती आलेली नाही. तिचे स्तन आणि मांड्या अवाढव्य, पोटावर खोल रेघा, आणि डोक्याच्या जागी एक छोटी कोरलेली कडी, बहुधा दोरा ओवायला. ऑस्ट्रियात विलेंडॉर्फला १९०८ मध्ये मिळालेली चुनखडकाची मूर्ती सगळ्यांनी चित्रात पाहिलेली असते. अकरा सेंटिमीटर उंच, म्हणजे मुठीत मावेल एवढी. तिला डोकं आहे पण चेहरा नाही. डोक्याभोवती विणीच्या ओळी फिरतात. २०२२ मध्ये तिच्या दगडाचं सूक्ष्म स्कॅन करून संशोधकांनी दाखवलं की तो दगड बहुधा उत्तर इटलीतल्या गार्डा सरोवराच्या परिसरातला आहे. आल्प्सच्या पलीकडून एवढ्या लांब कुणीतरी तो आणला, दगड म्हणून किंवा मूर्ती म्हणून, एकाच्या आयुष्यात किंवा कित्येक पिढ्यांत.

या मूर्तींचे अर्थ सांगणाऱ्यांची रांग मोठी आहे. कुणी म्हणालं सुफलतेची देवता. मारिया गिंबुटास यांनी प्राचीन युरोपावर राज्य करणारी एक महामाता त्यांत पाहिली. पीटर उको यांनी १९६८ मध्ये इजिप्त, क्रीट आणि पश्चिम आशियातल्या मूर्ती एकेक करून तपासल्या आणि म्हटलं की सगळ्या एकाच देवीच्या असण्याला आधार नाही. काही खेळणी असतील, काही शिकवण्याच्या, काही जादूटोण्याच्या. १९९६ मध्ये लेरॉय मॅकडर्मॉट यांनी एक धाडसी कल्पना मांडली: गरोदर स्त्री मान खाली घालून स्वतःच्या देहाकडे पाहते तेव्हा जे दिसतं ते या मूर्तींत आहे, म्हणून छाती-पोट मोठं, पावलं निमुळती, आणि चेहरा नाही, कारण आरशावाचून स्वतःचा चेहरा कुणालाच दिसत नाही. ही कल्पना सगळ्या मूर्तींना लागू पडत नाही, पण मला ती आवडते. घडवणारा हात बाईचाही असू शकतो, हे तिनं आधीच्या शंभर वर्षांच्या चर्चेला ऐकवलं. त्यानंतर ओल्गा सॉफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूर्तींवरच्या रेघांमध्ये विणलेली टोपी आणि दोऱ्यांचा घागरा ओळखला. ज्यांना नग्न म्हणून मिरवलं, त्यांच्या अंगावर कापडकाम होतं.

तरीही या साऱ्या चर्चेत एक गोष्ट खटकते. बहुतेक वेळा देहाचा आकार पाहून अर्थ काढला जातो. मोठं पोट म्हणजे प्रसूती, मोठे स्तन म्हणजे दूध. मला वाटतं, अर्थ शोधायचा तर आधी त्या मूर्तीचं काय केलं गेलं ते विचारावं. कुठे ठेवली, कशाखाली, कशासोबत, मोडली की जपली. युरोपातल्या कित्येक मूर्ती जुन्या काळच्या घाईच्या उत्खननांत निघाल्या आणि हे प्रश्न कायमचे हुकले. जिथे हुकले नाहीत तिथे विलक्षण गोष्टी हाती आल्या आहेत.

चेक देशात दोल्नी वेस्टोनित्से इथे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या भाजलेल्या मातीच्या मूर्तींचे तुकडे हजारोंनी निघाले. धड मूर्ती मोजक्याच. १९८९ मध्ये पामेला वँडिव्हर आणि सहकाऱ्यांनी तडे तपासून सांगितलं की यांतल्या बऱ्याच आपोआप मोडलेल्या नाहीत. ओली माती आगीत टाकल्यावर ती तडतडून फुटते, तशा फुटलेल्या आहेत, आणि बहुधा मुद्दामच. कल्पना करा: रात्रीचा अग्नी, भोवती माणसं, आत टाकलेली मूर्ती मोठा आवाज करून उडते. मूर्ती टिकवणं हा हेतूच नव्हता. तिथल्याच एका स्त्रीमूर्तीवर भाजण्याआधी पडलेला बोटाचा ठसा मिळाला आहे, आणि तो सात ते पंधरा वर्षांच्या मुलाचा किंवा मुलीचा असावा असं मापांवरून ठरवलं गेलं. रशियात झारायस्कला मात्र नेमकं उलट दिसतं. तिथे हस्तिदंताच्या दोन स्त्रीमूर्ती वेगवेगळ्या खड्ड्यांत बारीक वाळूवर निजवलेल्या होत्या आणि वर मॅमथच्या खांद्याचं रुंद हाड झाकण म्हणून ठेवलेलं होतं. इनामगावच्या पेटीहून हे झाकण वीस हजार वर्षांनी जुनं. दोघांचा एकमेकांशी काही वारसा नाही. पण झाकण ठेवणारा हात मला दोन्हीकडे सारखाच जपून वागणारा वाटतो.

आपल्या मध्य प्रदेशातलं याहून वेगळं उदाहरण सीधी जिल्ह्यातलं आहे. शोण नदीच्या खोऱ्यात बाघोर इथे अलाहाबाद आणि कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठांच्या तुकडीनं १९८० च्या आसपास उत्खनन केलं. गोवर्धन राय शर्मा आणि डेस्मंड क्लार्क त्याचे प्रमुख. मार्क केनॉयर हे तरुण संशोधकही त्या तुकडीत होते. पुराश्मयुगाच्या अगदी अखेरच्या, दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीच्या थरात त्यांना वालुकाश्माच्या तुकड्यांचा एक गोल ओटा मिळाला, व्यास सुमारे ८५ सेंटिमीटर. त्याच्या मध्यावर आणि आसपास एका रंगीत दगडाचे तुकडे पडलेले होते. जुळवले तर वीतभराहून लहान असा त्रिकोणी दगड तयार झाला. त्यावर पिवळट-तांबूस रंगाचे एकात एक त्रिकोण आहेत, आणि ते कुणी कोरलेले नाहीत. दगडाचे थरच तसे आहेत. कुणीतरी हजारो दगडांतून हा वेचून आणला होता.

मग जे झालं ते पुरातत्त्वात फार थोड्यांच्या वाट्याला येतं. त्या परिसरातले कोल आणि बैगा लोक आजही गोल ओट्यावर असेच त्रिकोणी रंगीत दगड ठेवतात आणि त्यांना माई म्हणून पुजतात. १९८३ मध्ये उत्खननकर्त्यांनी आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला तेव्हा त्याच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवलं: हे पुराश्मयुगातलं देवस्थान असेल का? त्या प्रश्नचिन्हाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. मध्ये दहा हजार वर्षं आहेत. एवढ्या काळात भाषा बदलल्या, जंगलं गेली, शेती आली. दगड तोच दिसतो म्हणून माई तीच असेल असं नाही. पण एक गोष्ट मात्र ठामपणे सांगता येते: स्त्रीदेवतेला कोरलेला देह लागतोच असं नाही. निवड पुरते.

मराठी घराला हे समजावून सांगायला नको. भाद्रपदात कित्येक घरांत खड्याची गौर असते. पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे मुक्यानं आणायचे, हळदीकुंकू वाहायचं आणि ती गौर झाली. दुसऱ्या घरांत उभ्या महालक्ष्म्या. कोठीवर किंवा लोखंडी स्टँडवर धड उभारलं जातं, नऊवारी नेसवली जाते, दागिने चढतात, आणि मुखवटा सगळ्यात शेवटी. विजय नगरात फ्लॅटच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरही हे होतं. मुखवटा बसेपर्यंत दिवाणखान्यात भरजरी पातळ नेसलेलं बिनशिराचं धड उभं असतं आणि घरातल्या कुणालाच त्यात काही अपुरं वाटत नाही, कारण डोकं कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असतं: आतल्या खोलीत, ताटात, तांदळावर. माहूरला तर रेणुकेचं नुसतं मुखच पुजलं जातं, खाली देह नाही.

म्हणूनच इनामगावच्या पेटीत डोकं नसणं मला उणीव वाटत नाही. आत शिरहीन, वर सशीर, दोघी बहुधा एकाच हातानं, एकाच मातीत घडलेल्या. ज्यानं वरचीला डोकं दिलं त्याला आतलीलाही देता आलं असतं. न देण्यात हेतू होता. ढवळीकरांनी या मूर्तीचा धागा महाभारतात मातृकांच्या यादीत येणाऱ्या विशिरा या देवीशी जोडून पाहिला. तसं असेल तर मुलांचं रक्षण आणि मुलांवरची संकटं, दोन्ही तिच्या अखत्यारीत येतात. ज्या घरांत तान्ही मुलं रांजणांत घालून जमिनीखाली ठेवली जात, त्याच प्रकारच्या घरात, त्याच जमिनीखाली ही पेटी मिळाली, हे विसरून चालणार नाही. मला हा अर्थ इतर अर्थांपेक्षा जास्त पटतो, आणि तो मूर्तीच्या छातीकडे पाहून सुचलेला नाही. जागेकडे पाहून सुचलेला आहे.

आणि कच्ची माती. त्या गावात भट्ट्या होत्या, उत्तम भाजलेली भांडी होती. मूर्ती भाजणं त्यांना अवघड नव्हतं. न भाजलेली मूर्ती म्हणजे ठरावीक काळासाठी केलेली मूर्ती, हे आम्हा माळव्यातल्या लोकांना दर वर्षी दिसतं. पितृपक्षाच्या सोळा दिवसांत इथल्या मुली संजा मांडतात. भिंतीवर शेणानं रोज नवी आकृती, वर फुलांच्या पाकळ्या, चमकीचा कागद; संध्याकाळी गाणी, दुसऱ्या दिवशी ती काढून पुढची. अखेरीला किलाकोट नावाची आकृती, आणि मग सगळं पाण्यात. अलीकडे छापील कागदाच्या संजा बाजारात मिळतात आणि फ्लॅटच्या भिंतीवर त्याच चिकटवल्या जातात. संजा मांडणाऱ्या मुलींच्या किती पिढ्या झाल्या असतील, पण त्यांच्या हातची जुनी संजा कुठल्याच संग्रहालयात मिळणार नाही. इनामगावची मूर्तीसुद्धा तशीच विरघळून जायची होती. पेटी, झाकण आणि कोरडी जमीन यांमुळे ती वाचली. तिच्यासारख्या किती पावसात गेल्या असतील या विचारानं मी थक्क होते. आपल्या हाती असलेला स्त्रीमूर्तींचा सगळा इतिहास म्हणजे न विरघळलेल्यांचा इतिहास आहे, आणि दगड-हस्तिदंताच्या त्या थोड्या मूर्तींवरून सगळ्यांचा अर्थ ठरवणं किती जोखमीचं आहे ते यावरून कळतं.

पुढे, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, शिरहीन स्त्री दख्खनमध्ये पुन्हा दिसते. आता ती दगडात आणि भाजलेल्या मातीत आहे, गुडघे बाहेर वळवून प्रसूतीच्या आसनात, डोक्याच्या जागी कमळ. तेरला मिळाली, भोकरदनला मिळाली, खाली कर्नाटक-आंध्रात कितीतरी ठिकाणी. सांकलियांनी १९६० मध्ये पश्चिम आशियापासून आग्नेय आशियापर्यंत अशा मूर्तींचा माग काढला. रा. चिं. ढेरे यांनी तिच्याच नावाच्या ‘लज्जागौरी’ या ग्रंथात तिचं नातं रेणुका-यल्लम्माच्या कथेशी, शेताच्या भूमीशी, गावोगावच्या मातृदेवतांशी जोडलं. इनामगाव आणि या मूर्ती यांच्यामध्ये हजाराहून अधिक वर्षांची पोकळी आहे आणि ढेऱ्यांइतका अधिकारी माणूसही ती पुरी बुजवू शकत नाही. मला मात्र या सगळ्या मालिकेतली एक मूर्ती फार महत्त्वाची वाटते, ती आंध्रातल्या नागार्जुनकोंड्याची. तिसऱ्या-चौथ्या शतकातली, इक्ष्वाकू राजांच्या काळातली, वरचा भाग हरवलेली. तिच्यावर प्राकृतात एक ओळ कोरलेली आहे. महादेवी खंडुवुला या राणीनं ती करवून घेतली, आणि स्वतःची ओळख तिनं दोन गोष्टींनी दिली आहे: नवरा हयात असलेली आणि मुलं जिवंत असलेली.

होहले फेल्सपासून तीस हजारांहून अधिक वर्षं स्त्रीचा देह घडवला जात होता. अशी मूर्ती करवणारी बाई स्वतःच्या नावानिशी बोलते, असा माझ्या पाहण्यातला पहिला लेख हा. तीत ती सुफलता म्हणत नाही, महामाता म्हणत नाही. माझी माणसं जिवंत आहेत, एवढंच सांगते. नवस फेडताना बायका जे सांगतात तेच.

इनामगावच्या घरात पेटी पुरणाऱ्या व्यक्तीलाही हेच म्हणायचं होतं का, हे आता माती तपासूनच थोडंफार पुढे नेता येईल: ठशांची मापं घेऊन, पेटीच्या आतल्या कणांत धान्य, तेल, रक्त यांचा अंश शोधून. दोल्नी वेस्टोनित्सेला एका बोटाच्या ठशानं एक मूल समोर आणलं. आपल्याकडच्या मातीच्या स्त्रियांची अशी तपासणी व्हायला हवी, आणि ती पुण्यात, उज्जैनमध्ये, इंदुरात काम करणारी मुलंमुली करतील अशी मला खरीखुरी आशा आहे.